चूक कुठून आली, ते विचारा

मुलचेऱ्याच्या या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत, मागच्या रांगेत सहावी-सातवीची मुलंही दिसताहेत. विषय आहे नवी भाषा शिकण्याचा. सुरुवात जरा दूरून करतो, पण मुक्कामाला इथेच येऊ.

आमची नात अमेरिकेत सहावीत शिकते. यंदापासून तिला शाळेत स्पॅनिश आहे. फोनवर ती सांगत होती, "आजोबा, 'मे गुस्ता' आलं आणि सगळा वर्ग अडला. मी नाही अडले." का नाही अडली? इंग्रजीत 'मी' आंबा आवडवून घेतो, कर्ता मी. स्पॅनिशमध्ये आंबाच कर्ता. एक आंबा असेल तर 'मे गुस्ता', अनेक असतील तर 'मे गुस्तान'. आता आपलं मराठी बघा. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे चालतं, 'मला' बाजूला उभा. जे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना उलटं वाटलं, ते तिला घरचंच वाटलं.

पण त्याच पोरीने चंद्राला 'एल लुना' लिहिलं आणि तिथे लाल रेघ आली. स्पॅनिशमध्ये चंद्र स्त्रीलिंगी, 'ला लुना'. तिच्या घरी चंद्र 'तो'. म्हणजे जिच्यामुळे एक उत्तर बरोबर आलं, तिच्याचमुळे दुसरं चुकलं. ती म्हणजे तिची घरची भाषा. आजचं आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे. मूल नव्या भाषेच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही.

आता मुलचेऱ्यात या. इथल्या मुलांसाठी नवी भाषा म्हणजे स्पॅनिश नव्हे, बऱ्याच जणांसाठी मराठीच. 1960 च्या दशकात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांचं पुनर्वसन या भागात झालं. तेव्हा हा सगळा मुलूख अखंड चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्यामुळे आज एकाच बाकावर एकाच्या घरी बंगाली, दुसऱ्याच्या घरी गोंडी किंवा माडिया, तिसऱ्याच्या घरी तेलुगू, चौथ्याच्या घरी मराठी, असं सहज घडतं.

काल या तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही सहावीच्या वर्गात बसलो होतो. एक मुलगी उठून म्हणाली, "आई बाजारात गेला." वर्ग हसला. ती बसली ती बसलीच. तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. ती बंगाली घरातली. बंगालीत 'शे गॅलो' म्हटलं की 'तो गेला' आणि 'ती गेली' दोन्ही झालं. व्याकरणातलं लिंग त्या भाषेत नाहीच. त्या मुलीला आई बाई आहे हे ठाऊक नाही का? ठाऊक आहे. बाईसाठी क्रियापद बदलावं लागतं, ही गोष्टच तिला नवी आहे.

शेजारच्या तेलुगू मुलाचा हिशोब आणखी वेगळा. 'वच्चाडु' म्हणजे तो आला. 'वच्चिंदि' म्हणजे ती आली आणि ते आलं, दोन्ही. एकवचनात पुरुष एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. गोंडीतही वाटणी साधारण अशीच, कारण दोन्ही द्राविडी कुळातल्या. मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये दोन, बंगालीत एकही नाही. खुर्ची 'ती' का आणि फळा 'तो' का, याला कारण आपल्याकडेही नाही. आपल्याला ते आईच्या मांडीवर फुकट मिळालं, एवढंच.

पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1967 साली एक निबंध लिहिला. त्याचा आशय असा की शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमांची खूण असते. तत्त्वज्ञानात याचा एक धागा आहे. ऑगस्टीनने मूल भाषा कसं शिकतं याचं वर्णन केलं. विटगेन्श्टाइनने त्यावर बोट ठेवलं की हे मूल जणू परक्या देशात आलंय, त्याला एक भाषा आधीच येते, फक्त इथली येत नाही. तान्ह्या बाळाबद्दल ही टीका रास्त आहे. पण सहावीतल्या त्या मुलीबद्दल हे वर्णन अक्षरशः खरं आहे! तिला विचार करता येतो, रुसता येतं, थट्टा करता येते. आपण मात्र तिला बोलता न येणाऱ्या बाळासारखं वागवतो.

हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या वर्गात गोंडी घरातला एक विद्यार्थी होता. प्रश्न विचारता विचारता तो म्हणाला, "माझी बहीण आलं." आम्ही त्याला तिथेच तोडलं, वर एक कोटीही केली. पोरं हसली. त्याचा प्रश्न राहून गेला, आणि वर्षभर त्याने दुसरा विचारला नाही. वाक्य सुधारलं, विद्यार्थी गेला. तो प्रश्न काय होता, हे आम्हाला आजही माहीत नाही.

मग चुका तशाच राहू द्यायच्या का? मुळीच नाही. उद्या अर्ज भरायचाय, परीक्षा द्यायचीय, दवाखान्यात दुखणं सांगायचंय. मराठी चांगली यायलाच हवी. फक्त क्रम बदला. आधी अर्थाला उत्तर द्या. "हो का, आई बाजारात गेली? काय आणलं तिने?" बरोबर रूप तिच्या कानावर गेलं, मान खाली गेली नाही. दुसरं, स्पॅनिशच्या पुस्तकांकडून एक युक्ती घ्या. तिथे टेबलाला नुसतं 'मेसा' शिकवत नाहीत, 'ला मेसा' शिकवतात. आपणही शब्द एकटा देऊ नये. तो फळा, ती खुर्ची, ते दप्तर. तिसरं, विचारा, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" आणि उत्तर फळ्यावर लिहा. दहा मिनिटं जातील. वर्गाला कळेल की ती चूक वेडेपणा नव्हता, दुसऱ्या भाषेचा नियम होता.

आणि देणंघेणं एकाच बाजूचं नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं तर समोरचा वगळला, 'आपण' म्हटलं तर तो पंगतीत आला. स्पॅनिशमध्ये हा भेद नाही, बंगालीच्या 'आमरा'तही नाही. तेलुगूत आहे, 'मेमु' आणि 'मनमु'. मराठीने हा भेद द्राविडी शेजाऱ्यांकडून घेतला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या मुलाच्या मराठीला आपण हसतो, त्याच्या पूर्वजांच्या शेजारामुळेच कदाचित आपल्याला 'आपण' म्हणता येतं.

इतका वेळ आम्ही 'आम्ही' म्हणत बोललो, ती आमची जुनी सवय. पण उद्या सकाळी वर्गात गेल्यावर त्या मुलीला सांगताना शब्द बदलू या. 'आम्ही असं म्हणतो' नको. 'आपण असं म्हणतो' म्हणा.