गुडघ्याची गादी : काढावी कीं शिवावी ?

श्रोतेहो, मी वैद्य नाहीं. चौतीस वर्षें शाळेंत मास्तरकी करून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सामान्य मनुष्य आहें. गुडघ्यासारख्या विषयावर बोलण्याचा तुम्हांस काय अधिकार, असें कोणीं विचारलें तर मी एवढेंच सांगेन कीं, ज्या वयांत जिना चढतांना प्रत्येक पायरी मोजावीशी वाटते त्या वयाला मी पोंचलों आहें. आणि एका मुलाच्या गुडघ्याचें ऋण माझ्या डोक्यावर आहे. तें ऋण कोणतें तें शेवटीं सांगेन. तूर्त आपण अमेरिकेंतील शिकागो शहरीं जाऊं.

डेरिक रोझ हा त्याच शहराचा मुलगा. जन्म १९८८ सालचा. २००८ सालीं शिकागो बुल्स ह्या त्याच्या गांवच्याच संघानें नव्या खेळाडूंच्या निवडींत सर्वांच्या आधीं त्याला उचललें, आणि २०११ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. त्यापूर्वीं इतक्या लहान वयांत हा मान कोणालाच मिळाला नव्हता. त्याचा सारा खेळ पायांच्या वेगाचा. भरधाव यावें, एका पावलांत थांबावें, दुसऱ्या पावलांत दिशा बदलावी, आणि समोरचा गडी सांवरतो न सांवरतो तोंच टोपलीपर्यंत उडी घ्यावी. संघानें त्याच्याशीं पांच वर्षांचा करार केला तो सुमारें साडेनऊ कोटी डॉलरांचा. एवढा द्रव्याचा आणि कीर्तीचा डोलारा ज्या सांध्यांवर उभा होता त्या सांध्यांची रचना आधीं थोडी पाहूं.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, अशी आपली सामान्य समजूत असते. पण बिजागरी एकाच रेषेंत उघडते आणि मिटते. गुडघा वांकतांना किंचित् घसरतो व किंचित् वळतोही. वर मांडीचें हाड, खालीं नडगीचें, आणि पुढें वाटी. मांडीच्या हाडाचीं खालचीं टोकें वाटोळीं, तर नडगीचा माथा जवळजवळ सपाट. सपाटावर वाटोळें ठेवलें तर तें डळमळणारच. डोक्यावर भरली घागर घेणारी स्त्री तिच्याखालीं चुंबळ ठेवते, ती ह्याचसाठीं. निसर्गानेंही गुडघ्यांत अशाच दोन चुंबळी ठेविल्या आहेत. एक आंतल्या अंगास, एक बाहेरच्या. चंद्रकोरीसारखा आकार, बाहेरची कड जाड, आंतली कड पातळ. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात, आणि आपल्या घरगुती बोलण्यांत ती गुडघ्याची गादी. सरळ पायावर उभें राहिलें असतां गुडघ्यावरील भारापैकीं सुमारें निम्मा भार ह्या गाद्यांवरून जातो. गुडघा काटकोनांत वांकला कीं तेंच प्रमाण शेंकडा ऐंशींच्याही वर जातें.

हाडांस एकमेकांशीं बांधून ठेवण्यासाठीं चार मोठे अस्थिबंध आहेत. त्यांपैकीं दोन गुडघ्याच्या पोटांत एकमेकांस छेद देऊन जातात. त्यांतला पुढचा, डॉक्टर ज्याला ए. सी. एल. म्हणतात तो, नडगीला पुढें सरकूं देत नाहीं आणि पाय वळतांना सांधा सांवरून धरतो. धांवत्या पायाला एकाएकीं थांबवून वळविणें हेंच ज्याचें कौशल्य, त्याच्या ह्या अस्थिबंधावर किती ताण येत असेल ह्याची कल्पना करावी.

२८ एप्रिल २०१२. बादफेरीचा पहिलाच सामना, फिलाडेल्फियाच्या संघाशीं. खेळ संपण्यास दीड मिनिटही उरलें नव्हतें आणि शिकागोचा संघ बारा गुणांनीं पुढें होता. रोझ उडी घेऊन थांबला, पुन्हां उसळला आणि डावा गुडघा धरून खालीं आला. पुढचा अस्थिबंध तुटला होता. सामना हातांत असतां त्याला मैदानावर ठेवलेंच कां, हा वाद तेथें पुढें पुष्कळ दिवस चालला.

ह्या पहिल्या दुखापतींत उपचाराची निवड फारशी कठीण नव्हती. तुटलेला हा अस्थिबंध सहसा आपण होऊन नीट जुळत नाहीं. म्हणून ज्याला पुन्हां अशा खेळांत उतरावयाचें आहे त्याच्या गुडघ्यांत दुसरीकडचा कंडरेचा तुकडा त्या जागीं बसवितात. तुकडा बसविला म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्यांत नव्या रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, त्याला बळ यावें लागतें, मांडीचे स्नायू पुन्हां भरावे लागतात. ह्याला नऊ महिने ते एक वर्ष लागतें. कठीण निवड होती ती परतण्याची. २०१३ च्या मार्चमध्यें, डॉक्टरांनीं खेळण्यास हरकत नाहीं असें सांगितल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली. रोझ मात्र उतरला नाहीं. संघ बादफेरींत झुंजत होता, त्याचे सोबती दुखऱ्या अंगानें खेळत होते, आणि तो साध्या कपड्यांत बाजूला बसून होता. लोकांनीं त्याला भित्रा म्हटलें, आपमतलबी म्हटलें. गुडघ्याचें बळ यंत्रानें मोजतां येतें. त्या गुडघ्यावरचा मनाचा विश्वास मोजणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं, हें मात्र फार थोड्यांनीं ध्यानांत घेतलें.

तो परतला ऑक्टोबर २०१३ मध्यें. अवघे दहा सामने झाले. २२ नोव्हेंबर रोजीं पोर्टलंड येथें दिशा बदलतांना त्याचा पाय मुरगळला. कोणाचा धक्का नाहीं, आणि गुडघाही ह्या वेळीं उजवा. आंतल्या बाजूची गादी फाटली होती. आतां मात्र खरा पेंच पडला, कारण फाटलेल्या गादीचे दोन उपाय आहेत : फाटका भाग कापून काढणें, किंवा टांके घालून ती शिवणें.

दोहोंतील अंतर समजण्यासाठीं रक्ताचा हिशेब पाहावा लागतो. मळ्याच्या कडेनें पाट वाहत असला म्हणजे कडेचे वाफे भिजतात आणि मधले कोरडे राहतात. गादीचें तसेंच आहे. मोठ्या माणसाच्या गादीला रक्त मिळतें तें बाहेरच्या कडेला, फार तर एक-तृतीयांश भागाला. जेथें रक्त आहे तेथें जखम भरून येते. जेथें नाहीं तेथें टांके घालूनही ती सांधण्याची आशा कमी. म्हणून फाट कडेला आहे कीं आंत, उभी आहे कीं आडवी, ताजी आहे कीं जुनी, गडी किती वयाचा, ह्या साऱ्यांचा विचार करावा लागतो. चुंबकीय यंत्राच्या चित्रावरून अदमास होतो. परंतु पुष्कळदां अंतिम निर्णय गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहिल्यावर, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो.

आणि काळाचा हिशेबही आहे. फाटका भाग काढला तर खेळाडू चार-सहा आठवड्यांत मैदानावर येऊं शकतो. शिवला तर टांक्यांना जपावें लागतें, कुबड्या घ्याव्या लागतात, गुडघा फार वांकवावयाचा नाहीं. चार ते सहा महिने सहज जातात, आणि इतकें करूनही टांके टिकतीलच अशी खात्री कोणी देत नाहीं. मग शिवण्याची खटपट कां करावी ? कारण गादीचा जेवढा भाग गेला तेवढा भार उघड्या हाडांच्या गुळगुळीत कूर्चेवर येतो. सबंध गादी काढली तर तो दाब दुपटीतिपटीनें वाढतो, आणि दहा-वीस वर्षांत सांधा झिजत जातो.

हें ज्ञान शास्त्रज्ञांनाही सहज मिळालें नाहीं. फाटलेली गादी शिवण्याची शस्त्रक्रिया एडिंबरो येथें टॉमस ॲनंडेल ह्यांनीं १८८३ सालींच केली होती. पण १८९७ सालीं लंडनचे नामांकित शल्यविशारद ब्लंड-सटन ह्यांनीं ह्या गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत असें लिहिलें, आणि पुढें कित्येक दशकें त्या निःशंकपणें समूळ काढल्या जात. १९४८ सालीं फेअरबँक ह्या इंग्रज डॉक्टरांनीं गादी काढलेल्या रोग्यांचे क्ष-किरणांचे फोटो तपासले, तेव्हां त्या सांध्यांत झिजेचीं चिन्हें दिसून आलीं. पुढें टोकियोच्या मासाकी वातानाबे ह्यांनीं दुर्बिणीची कला इतकी पुढें नेली कीं, १९६२ सालीं गुडघा न उघडतां गादीचा केवळ फाटका भाग काढणें त्यांना साधलें. ज्याला पूर्वीं अडगळ समजत, तें जितकें राखतां येईल तितकें राखावें, असा आज नियम झाला आहे.

रोझनें शिवण्याचा मार्ग धरला. २५ नोव्हेंबर २०१३ रोजीं शस्त्रक्रिया झाली आणि तो हंगामही गेला. त्याच्यासमोर उदाहरणें दोन्ही प्रकारचीं होतीं. मायामीच्या ड्वेन वेड ह्यानें २००२ सालीं, विद्यार्थिदशेंतच, गादी काढविली होती. तो लवकर खेळूं लागला, पुढें तीन अजिंक्यपदें मिळविलीं. पण त्या काढण्यानें त्या वेळीं लाभ झाला तरी नंतर गुडघ्यानें फार छळलें, असें त्यानें स्वतःच सांगितलें. उलट ओक्लाहोमाच्या रसेल वेस्टब्रुक ह्यानें एप्रिल २०१३ मध्यें बाहेरच्या बाजूची गादी शिवून घेतली. त्याच वर्षीं त्याच गुडघ्यावर आणखी दोनदां दुर्बिणीचे उपचार करावे लागले. पण तो टिकला, आणि २०१७ सालीं सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. एकाच्या उदाहरणावरून दुसऱ्यास उपदेश करणें किती अवघड आहे, हें ह्यावरून दिसेल.

रोझचें नशीब आणखी निराळें. फेब्रुवारी २०१५ मध्यें त्याच उजव्या गुडघ्यांतील तीच गादी पुन्हां फाटली. ह्या वेळीं फाटका भाग काढण्यांत आला. एकदां शिवलेलें वस्त्र पुन्हां उसवलें म्हणजे टांका धरील असें धड कापड उरावें लागतें. २७ फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली, ८ एप्रिलला तो मैदानावर होता, आणि महिन्याभरांत क्लीव्हलंडविरुद्धच्या बादफेरीच्या सामन्यांत शेवटच्या क्षणीं चेंडू टोपलींत टाकून त्यानें संघास जिंकून दिलें. मग पहिल्या वेळीं शिवण्यांत घालविलेले महिने व्यर्थ गेले काय ? मला तसें वाटत नाहीं. फळ हातीं लागलें नाहीं म्हणून निर्णय चुकला असें म्हणणें म्हणजे, मुलगा परीक्षेंत नापास झाला म्हणून त्याचा अभ्यास चुकीचा होता असें म्हणण्यासारखें आहे. निर्णय जोखावा तो निर्णयाच्या वेळीं जें ठाऊक होतें त्यावरून.

ह्या निर्णयांत पुष्कळांचे हितसंबंध गुंतलेले असतात. संघाला चालूं हंगाम दिसतो, प्रेक्षकांना आजचा सामना दिसतो, डॉक्टरांना गुडघा दिसतो. पण त्या गुडघ्याबरोबर पुढचीं पन्नास वर्षें काढावयाचीं असतात तीं एकट्या खेळाडूला. नोव्हेंबर २०१४ मध्यें रोझनें वृत्तपत्रकारांस सांगितलें कीं, खेळ संपल्यावर मुलाच्या पदवीदानाला जातांना आपलें अंग दुखूं नये, ह्याचाही आपण विचार करतों. त्यावरून त्याची किती थट्टा झाली ! एवढे पैसे घेणाऱ्यानें असें बोलूं नये, असें लोक म्हणाले. मला मात्र त्या सव्वीस वर्षांच्या तरुणाचें तें बोलणें वडीलधाऱ्याच्या शहाणपणाचें वाटलें.

येथें घरच्या मंडळींसाठीं एक इशारा दिला पाहिजे. तरुण खेळाडूची एका झटक्यांत फाटलेली गादी वेगळी, आणि पन्नाशींतल्या माणसाची वयोमानानें विरलेली गादी वेगळी. फिनलंडमधील डॉक्टरांनीं ३५ ते ६५ वर्षें वयाच्या, अशा विरलेल्या गादीच्या १४६ रोग्यांवर एक प्रयोग केला. कांहींच्या गादीचा फाटका भाग खरोखर काढला, कांहींवर शस्त्रक्रियेचा नुसता देखावा केला. कोणावर काय केलें हें रोग्यांना सांगितलें नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हां चित्रांत फाट दिसली म्हणून घाबरून जाऊं नये. बहुतेकांस व्यायाम, वजनावर ताबा आणि धीर ह्यांनीं आराम पडतो. मात्र गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा मार लागून एकाएकीं सुजला असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.

हें शेवटचें वाक्य मला फार उशिरां कळलें. आमच्या शाळेचा खोखोचा संघ माझ्याकडे होता. अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधीं, खांबाला वळसा घेतांना एका चपळ मुलाचा गुडघा पिळवटला. “सर, गुडघा मधेंच अडकतो,” असें तो मला दोनदां म्हणाला. मीं त्याला तेल चोळून पट्टी बांधावयास सांगितलें आणि खेळविलें. आम्ही ढाल जिंकली. कांहीं महिन्यांनीं डॉक्टरांनीं सांगितलें कीं, गादी आतां शिवण्याजोगी राहिली नाहीं, काढावी लागेल. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. मध्यंतरीं एका लग्नांत भेटला, तेव्हां कठडा धरून, एकेक पायरी चढत माझ्या पायां पडावयास आला. मीं त्याला वांकूं दिलें नाहीं. त्यानें मला कधीं बोल लावला नाहीं. पण ती ढाल पुन्हां पाहण्याची मला इच्छा होत नाहीं.

डेरिक रोझ पुढें संघ बदलीत खेळत राहिला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं मिनेसोटाच्या संघाकडून त्यानें एका सामन्यांत पन्नास गुण केले आणि भर मैदानांत त्याला रडूं कोसळलें. २०२४ च्या सप्टेंबरांत तो निवृत्त झाला. श्रोतेहो, आपल्या घरीं खेळणारें मूल असेल, आणि तें दुखऱ्या गुडघ्यानें घरीं येऊन “उद्यां सामना आहे” असें म्हणेल, तर उद्यांचा विचार त्याला करूं द्या. पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा विचार तुम्ही करा. तो करण्याचें त्याचें वय नसतें, आपलें असतें.