सत्तावीसचे बहात्तर का होतात?

आज आपण पहिली-दुसरीतल्या लेकरांच्या अंकांविषयी बोलू. गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीत मांडली, की गप्पा मुलांच्या शाळेवर येतात आणि एक तक्रार हमखास निघते. "सत्तावीस लिही म्हटलं की पोरगं बहात्तर लिहितं. डोकंच उलटं आहे त्याचं." मग कुणी पाठीत धपाटा घालते, कुणी शिकवणी लावायला गटातून कर्ज मागते. पहिलीच्या लेकरासाठी कर्ज! आमचं म्हणणं असं, की आधी ते लेकरू कानाने काय ऐकतं ते बघू या.

सावकाश म्हणून बघा: सत्ता-वीस. आधी सात आला, मग वीस. लेकराने ऐकलं तसंच लिहिलं, आधी ७, मग २. झाले ७२. म्हणजे त्याचं डोकं सरळच चाललंय. आपली बोलायची रीत आणि लिहायची रीत एकमेकींच्या उलट आहेत. अक्कलकोटकडच्या ज्या मैत्रिणी घरी कानडी बोलतात त्यांना हे लगेच कळेल. कानडीत एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, आधी वीस आणि मग एक. इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच.

मराठीत आणखी एक गंमत आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. लेकराच्या कानावर 'तीस' पडतो आणि ते ३ पासून सुरुवात करतं, लिहायचे असतात मात्र २९. त्रेपन्न, चोपन्नमध्ये तर पन्नास नीट ऐकूही येत नाही. आपल्याला हे सगळं तोंडपाठ आहे म्हणून अवघड वाटत नाही, एवढंच.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचायची पद्धत आली. केवढा गहजब झाला! भाषा बिघडेल म्हणाले, टिंगलही झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या, की जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे हे शब्द लहान मुलांना अवघड जातात. आम्हाला ते पटतं. घरात दोन्ही बोलावं. "सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात." सत्तावीस कुठे जात नाही.

आता घरी करायचं काय? खराट्याचे हिर घ्या, नाहीतर तुरीच्या बारीक काड्या. दहा-दहा मोजून दोऱ्याने जुड्या बांधा, आणि बांधायच्या लेकरानेच. आपण बांधून दिल्या तर त्याला ती नुसती जुडी दिसते, तिच्यातले दहा दिसत नाहीत. मग म्हणा, सत्तावीस काड्या दे. दोन जुड्या आणि सात सुट्या. जुड्या त्याच्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला, आणि त्याखाली पाटीवर २ आणि ७. लगेच बहात्तर मागा. सात जुड्या आणि दोन सुट्या. दोन्ही ढीग शेजारी ठेवले की ७२ केवढे मोठे आहेत ते लेकराला डोळ्यांनी दिसतं. शाळेत ज्याला दशक आणि एकक म्हणतात ते हेच. पाटी-वही नंतर, आधी हात.

चुकलं तर लगेच पुसू नका. "यात जुड्या किती?" एवढंच विचारा, बहुतेकदा ते स्वतःच दुरुस्त करतं. भाकरी थापता थापता दहा मिनिटं पुरतात. चिंचोके चालतात, शेंगा चालतात, बाजारातून आल्यावर पिशवीतले पैसेसुद्धा चालतात: दहाच्या नोटा किती, सुटी नाणी किती?

"आम्हाला लिहिता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" हे आम्ही फार ऐकतो. अहो, गटात नुसती सही शिकलेल्या बायका व्याजाचा हिशोब तोंडी करतात. कडब्याच्या पेंढ्या, मेथीच्या जुड्या मोजतात. दहाचा गठ्ठा म्हणजे काय हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि धपाटा खाल्लेलं लेकरू अंक शिकत नाही, वही लपवायला शिकतं.

दोन-तीन महिने असं करूनही काहीच फरक पडला नाही, किंवा फळ्यावरचं उतरवतानाही गोंधळ होत असेल, तर गुरुजींना किंवा बाईंना भेटा. डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, त्यांना सांगता येतं.

शाळेत जाल तेव्हा आणखी एक विचारून या: वर्गात 'वीस सात' म्हणतात की 'सत्तावीस', की दोन्ही? बाई म्हणतात तेच शब्द घरीही लेकराच्या कानावर पडू द्या.