रीसेटचे बटण कशासाठी?

संगणक कधी कधी मध्येच ‘हँग’ होतो. कोणतीही कळ दाबा, पडदा ढिम्म! अशा वेळी वीज न तोडता त्याला पहिल्यापासून सुरू करणे, हे रीसेट बटणाचे प्रयोजन होय.

१९८१ च्या आयबीएम पीसीवर हे बटण नव्हते. डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकदम दाबण्याची सोय केली. परंतु ही आज्ञा प्रोग्रॅममार्फत पोचते. तोच अडकला तर ऐकणार कोण? बटणाचा विद्युतसंकेत मात्र प्रोग्रॅमला न विचारता थेट यंत्रणेकडे जातो.

अर्थात, डिस्कवर न साठवलेला तासाभराचा निबंध त्याबरोबर नाहीसा होतो. लिहिली जात असलेली फाईलही बिघडू शकते. म्हणून हा उपाय शेवटचाच समजावा, आणि लिहिता लिहिता मजकूर साठवत जावा.