भांडण भावाबहिणींचं, हिशेब मात्र आई-वडिलांचा: 'वाडा चिरेबंदी' आपल्याला काय सांगतं?

सिंधुदुर्गातलं आरोंदा. सावंतवाडी तालुक्यातलं, तेरेखोल खाडीच्या काठावरचं गाव. पलीकडच्या काठावर गोव्याचा पेडणे तालुका. दोन्हीकडे माड तेच, मासे तेच, चतुर्थीचा गणपती तोच. सोयरीकही इकडून तिकडे होते.

पण बाप मृत्युपत्र लिहायला बसला की दोन काठांवर दोन वेगळे कायदे लागतात. अलीकडे बाप स्वतःच्या कमाईचं घर एकाच मुलाच्या नावावर करून बाकीच्या मुलांना काहीच न देता जाऊ शकतो. पलीकडे गोव्याच्या माणसाला ते जमत नाही. मुलांचा ठरावीक वाटा त्याला ठेवावाच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मग पलीकडची भावंडं भांडतच नसतील. तर तसं नाही. कारण भावंडांमधलं भांडण फक्त जमिनीचं नसतं. ते नेमकं कशाचं असतं, हे मराठीत सगळ्यात नीट सांगितलंय एका नाटकाने. त्याचं नाव 'वाडा चिरेबंदी'.

काय आहे 'वाडा चिरेबंदी'?

महेश एलकुंचवार यांचं हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. पुढे त्यांनी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' हे दोन भाग लिहिले आणि ती नाट्यत्रयी झाली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'साठी तिन्ही भाग एकत्र सादर केले. एका घराच्या अनेक पिढ्यांची गोष्ट सांगायचं काम एरवी जाडजूड कादंबऱ्या करतात, ते इथे नाटकाने केलं.

गोष्ट विदर्भातली आहे. धरणगावच्या देशपांडे घराण्याचे कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत. घरात आई, आजी, थोरला भास्कर, त्याची बायको आणि मुलं, धाकटा चंदू आणि लग्न न झालेली बहीण प्रभा. मुंबईला नोकरी करणारा सुधीर बायकोला घेऊन येतो. तेरावं कसं करायचं, त्याचा खर्च कोणी द्यायचा, घरातल्या जुन्या सोन्याचं काय करायचं, यावरून चार भावंडांमध्ये ताण सुरू होतो. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा असतो.

वरवर पाहिलं तर ही वाटणीची गोष्ट आहे. कोकणातल्या कुठल्याही घरात ओळखीची वाटेल अशी. मुंबईचा भाऊ म्हणतो, आमचं तिथे भागत नाही. गावचा भाऊ म्हणतो, इथलं सगळं आम्ही सांभाळलं. दोघंही खोटं बोलत नसतात, आणि म्हणूनच गुंता सुटत नाही.

मग यात तात्याजींची चूक काय?

तात्याजी रंगमंचावर कधी येतच नाहीत. पण पहिल्या प्रवेशापासून घरात त्यांचेच निर्णय वावरत असतात. त्या निर्णयांची किंमत कोणी चुकवली ते पाहू.

प्रभा: तिला शिकायचं होतं. तात्याजींनी शिकू दिलं नाही. लग्नही झालं नाही. आता ती घरात पुस्तकं वाचत आणि चिडत वय घालवते आहे.

चंदू: त्याला कोणी काही विचारलंच नाही. तो फक्त राबतो. घरातली सगळी अंगमेहनत त्याची, पण त्याच्या मेहनतीचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

भास्कर: त्याला थोरलेपण मिळालं, म्हणजे मान मिळाला आणि रिकामी तिजोरीसुद्धा. घराण्याला शोभेल असं तेरावं करायची जबाबदारी त्याच्यावर. हातातलं सोनं सोडायची मात्र त्याची तयारी नाही.

सुधीर: तो बाहेर पडला म्हणून वाचला. पण घरच्यांच्या नजरेत तो 'सुटून गेलेला' झाला. त्याचं मुंबईतलं ओढगस्तीचं आयुष्य कोणाला दिसत नाही.

म्हणजे एकाच बापाने चार मुलांना चार वेगवेगळी आयुष्यं दिली आणि त्यातला फरक कधी बोलून दाखवला नाही. तो गेल्यावर हा फरक भावंडांच्या अंगावर आला. प्रभाचा राग खरं तर तात्याजींवर आहे, पण तात्याजी आता नाहीत. मग तो राग समोर असलेल्या भास्करवर निघतो.

मोठ्या कुटुंबगाथांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसतं. भावंडं एकमेकांकडे जे मागत असतात, ते मुळात आई-वडिलांनी द्यायचं राहून गेलेलं असतं.

मग तात्याजी खलनायक आहेत का?

इतकं सोपं नाही. तात्याजींनाही वाडा, मोठं नाव आणि 'आपल्याकडे असंच असतं' हे वाक्य वारशानेच मिळालं होतं. उत्पन्न आटत गेलं, पण रुबाबाची सवय सुटली नाही.

कोकणात हे खोतांच्या घरांत झालं. सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा खोत हा गावातला मोठा माणूस. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ मध्ये आला आणि ती सत्ता कागदावरून गेली. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही १९८७ ची दोन खंडांची कादंबरी जगबुडी नदीकाठच्या अशाच एका घराण्याच्या चार पिढ्या दाखवते. तिथेही वडीलधाऱ्यांनी केलेल्या गोष्टी पुढच्या पिढ्यांना निस्तराव्या लागतात.

बाप स्वतः अडकलेला असतो, हे खरं. पण त्यामुळे प्रभाचं शिक्षण परत येत नाही. हे नाटक तात्याजींना समजून घेतं आणि प्रभाचं नुकसानही लपवत नाही, हे त्याचं मोठेपण.

भावंडांचं नातं मग तुटतंच का?

नाटकात एक मोठा धक्का आहे. भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते, आणि जाताना ज्या सोन्यावरून एवढं सगळं चाललं होतं ते सोनंच घेऊन जाते. रंजू परत येते, सोनं येत नाही.

इथे गंमत बघा. वाटून घ्यायचं सोनं संपल्यावर भांडायचं कारणही संपतं. उरतात ती एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी चार माणसं. त्यांच्यात प्रेम नव्हतं असं नाही. बोलायची सवय मात्र त्या घराने त्यांना कधी लावली नव्हती.

आता कायद्याकडे येऊ. तो यात किती मदत करतो?

आरोंद्याच्या काठावर, म्हणजे महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांना, हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो. थोडक्यात नियम असे:

• बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई यांना सारखा वाटा. उदाहरणार्थ, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर चार समान हिस्से.

• मृत्युपत्र केलं, तर स्वकष्टार्जित मालमत्ता तो कोणालाही देऊ शकतो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं.

• ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

पलीकडच्या काठावर पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेले नियम चालतात. गोव्याने ते आता २०१२ च्या स्वतःच्या वारसा कायद्यात आणले आहेत. त्यानुसार मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसारख्या जवळच्या वारसांसाठी राखीव असतो. शिवाय लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची समाईक मानली जाते. म्हणजे जोडप्याच्या एका घरात अर्धा हिस्सा आधीच बायकोचा. नवऱ्याच्या उरलेल्या अर्ध्यापैकी अर्धा मुलांसाठी राखीव. त्याला मर्जीने देता येतो तो पूर्ण घराचा जेमतेम चौथा भाग. मूळ गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर, समजा मुंबईत, असली तरी हेच नियम लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

पण कायद्याला काय दिसत नाही?

समजा देशपांड्यांचा वाडा पेडण्यात असता. तात्याजींना प्रभाला डावलता आलं नसतं. तिला तिचा हिस्सा मिळाला असता. पण तो मिळाला असता ते तात्याजी गेल्यावर, शिकायचं वय उलटून गेल्यावर.

आणि चंदू? दोन्ही काठांवर त्याला सुधीरइतकाच वाटा. त्याने घरासाठी काढलेल्या वर्षांचा वेगळा रकाना सातबाऱ्यावर नसतो. आई-वडिलांचं दुखणं-खुपणं कोणी काढलं, शिक्षणाचा खर्च कोणावर झाला, कोणासाठी कोणी शाळा सोडली, यातलं काहीच वारसनोंदीत येत नाही.

कायदा मालमत्ता समान वाटतो. आई-वडिलांनी मुलांना जे असमान वाटलं, ते त्याच्या हिशेबाबाहेर राहतं. भावंडं नेमकी त्यावरून भांडतात, फक्त बोलताना शब्द 'गुंठे' आणि 'हिस्सा' असे वापरतात.

बहिणीला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगितली जाते तेव्हाही हेच होतं. 'तुला कशाला हवंय, माहेर तर आहेच' असं भाऊ म्हणतो. बहिणीला कदाचित जमीन नकोही असेल. पण तिला लहानपणापासून कमी मिळालं, हे कोणीतरी एकदा मान्य करावं असं तिला वाटत असतं. ते मान्य न करताच सही मागितली की माहेरपण तिथेच विटतं.

मग करायचं काय?

ज्या गोष्टी तात्याजींना करता आल्या असत्या, त्या आजच्या आई-वडिलांच्या हातात आहेत. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. घरात राबलेल्या मुलाला किंवा मुलीला थोडं जास्त द्यायचं असेल तर ते हयातीतच, सगळ्यांसमोर कारण सांगून द्यावं. सगळ्यांची संमती असेल तर शेतजमिनीची वाटणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून करता येते.

आणि भावंडांनी? कोकणात मूळ घरचा गणपती बऱ्याच ठिकाणी भाऊ पाळीने करतात. चाकरमानी मुंबईहून येतात, बहिणी सासरहून येतात. वर्षातून एकदा सगळे एका छपराखाली असतात. सातबाऱ्याची चर्चा निघते ती बहुतेक तेव्हाच.

ती चर्चा सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारून बघता येईल: या घरासाठी कोणाचं काय राहून गेलं? प्रभाच्या घरात हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. भास्करला तो विचारायला एक रुपयाही खर्च आला नसता.