पाण्यावर पिकणारे धान्य आणि चिप्पेवा समाज

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, सुपिरियर सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर बॅड रिव्हर चिप्पेवा या आदिवासी समाजाचे राखीव क्षेत्र आहे. हे लोक स्वतःला ‘आनिशिनाबे’ म्हणवतात. ‘जेथे पाण्यावर अन्न उगवते तेथे जा’ या भविष्यवाणीनुसार आपले पूर्वज पूर्वेच्या सागरकिनाऱ्याकडून येथे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते अन्न म्हणजे ‘मनोमिन’, अर्थात उथळ पाण्यात वाढणारा रानभात. आजही उन्हाळा सरताना एक जण होडी हाकतो आणि दुसरा लाकडी दांडक्यांनी लोंब्या हळुवार झोडपतो. जे दाणे पाण्यात पडतात, तेच पुढील वर्षाचे बियाणे ठरतात.

ही भूमी त्यांच्याकडे सहजासहजी राहिलेली नाही. १८५० साली त्यांना पश्चिमेकडे हुसकावण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांनी वार्षिक देयकाचे ठिकाण बदलून ते दूरच्या सँडी लेक येथे नेले. तेथे ताटकळत असताना आणि बर्फातून परतताना भूक, रोग व थंडीने सुमारे ४०० जण मृत्युमुखी पडले. १८५२ साली नव्वदी ओलांडलेले नायक बफेलो यांनी वॉशिंग्टन गाठून राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. हकालपट्टी थांबली आणि १८५४ च्या ला पॉइंट कराराने हे राखीव क्षेत्र निश्चित झाले. पुढल्याच वर्षी बफेलो निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती.

ला पॉइंट येथे १८३५ साली स्लोव्हेनियन मिशनरी फादर फ्रेडरिक बरागा आले होते. त्यांनी या लोकांची भाषा आत्मसात केली, तिचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध केला. पुढे ते बिशप झाले. २०१२ साली चर्चने त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही आपण डोळ्यांआड करू नये. अमेरिकेतील आदिवासी मुलांच्या वसतिशाळांत, ज्यांत चर्चसंचालित शाळाही होत्या, मुलांना घरापासून व मातृभाषेपासून तोडण्यात आले. एका मिशनरीने जी भाषा जपून लिहिली, तीच बोलण्याबद्दल अशा शाळांतून मुलांना शिक्षा होई. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडातील आदिवासींची क्षमा मागितली. २०२४ साली अमेरिकन बिशपांनीही माफी मागितली.

आज बॅड रिव्हर समाजाचे स्वतःचे निर्वाचित शासन व न्यायालय आहे. पूर्वी सोडून दिलेल्या प्रदेशातही शिकार, मासेमारी व रानभात गोळा करण्याचा चिप्पेवांचा हक्क १९८३ साली संघीय अपील न्यायालयाने मान्य केला. तेलवाहिनी फुटल्यास नदी व भातखाचरे नासतील, या भीतीने समाजाने २०१९ साली एन्ब्रिज कंपनीवर दावा दाखल केला. २०२३ साली न्यायालयाने तीन वर्षांत ती वाहिनी राखीव क्षेत्रातून हटविण्याचा आदेश दिला; त्यावर अपिले झाली.

त्यांचा हा लढा नुकसानभरपाईपुरता नाही. भविष्यवाणीने दाखवलेले ते धान्य नातवंडांच्या ताटातही असावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.