वय वाढते, पहारा ढिलावतो

थायमस : छातीच्या हाडामागील या ग्रंथीत जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी परिपक्व होतात. वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते, तिची जागा चरबी घेते. नव्या टी-पेशी घटल्याने उतारवयात अनोळखी जंतूंशी लढणे जड जाते.

नागीण : कांजिण्यांचा विषाणू चेतापेशींत दडून राहतो. टी-पेशींचा वचक कमी झाला की तो नागिणीच्या रूपाने डोके वर काढतो. म्हणून पन्नाशीनंतर नागिणीचा धोका वाढतो.

धुमसता दाह : एकीकडे प्रतिकार दुबळा, तर दुसरीकडे शरीरात सौम्य दाह कायमचा. इटलीचे क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटले. हृदयविकार, टाइप-२ मधुमेह आणि अल्झायमरशी त्याचा संबंध आढळला आहे.

पुरावा : हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरील ‘कँटोस’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाने कोलेस्टेरॉल न घटताही पुन्हा झटका येण्याचे प्रमाण कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग किंचित वाढले.

लक्षात ठेवा : पन्नाशीनंतर नागिणीच्या आणि साठीनंतर दरवर्षी फ्लूच्या लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्या.