आकाश वजा करता येतं, त्याची थरथर नाही

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही गच्चीवरून रात्री वर पाहा, आकाश काळं नसतंच. रस्त्यावरचे एलईडी, दुकानांच्या पाट्या, कुणाच्या तरी लग्नाची रोषणाई, हा सगळा उजेड हवेतल्या धुळीवर आपटून पुन्हा आपल्याच डोळ्यांत उतरतो. देवयानी दीर्घिका या राखाडी पडद्यामागे असते, पण डोळ्यांना काही दिसत नाही. त्याच गच्चीवरून कॅमेऱ्याला मात्र ती दिसते. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेले तिचे प्रकाशकण शेवटच्या क्षणी सोलापूरच्या उजेडात मिसळतात, आणि तरीही त्यांना वेगळं काढता येतं. मला यात जादू वाटते, पण ती जादू निव्वळ हिशेबाची आहे.

शहराचा उजेड म्हणजे चित्रात पसरलेली एकसारखी भर. मग ती वजा का करू नये? करतातच. संगणकावर पाच मिनिटांचं काम आहे. असं असेल तर अंधाऱ्या रानात जायची उठाठेव कशाला?

कारण उजेड धारेसारखा येत नाही, कणाकणांनी येतो. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या शहाबादी फरशीवर पडताना बघा. पाऊस सगळीकडे सारखाच, तरी एका फरशीवर सात थेंब, शेजारचीवर अकरा. सेन्सरच्या पिक्सेलांचं तेच. सरासरी दहा हजार कण पडत असतील तर प्रत्यक्ष आकडा त्याच्या आगेमागे साधारण शंभरांनी हलतो. ही थरथर मूळ संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. तिलाच फोटोवाले नॉइज म्हणतात. कॅमेरा कितीही महागाचा घ्या, ती जाणार नाही. तो प्रकाशाचाच स्वभाव आहे.

आता समजा, एका पिक्सेलवर शहराचे दहा हजार कण पडले आणि दीर्घिकेच्या फिकट कडेचे फक्त शंभर. दहा हजार वजा केले, तरी त्यांची शंभरांची थरथर मागे उरते, आणि आपली दीर्घिकाही शंभराचीच. दोन्ही तोडीस तोड, म्हणजे काहीच दिसत नाही. पण असे शंभर फोटो काढून एकावर एक रचले तर? शहराचे कण दहा लाख, त्यांची थरथर एक हजार. दीर्घिकेचे कण दहा हजार. आता ती थरथरीच्या दहापट वर उभी आहे! उजेड वाढतो पटीने, नॉइज वाढतो वर्गमुळाने. सगळा खेळ या दोन वेगांतल्या फरकाचा.

मग शंभर फोटोंऐवजी एकच शंभरपट लांब फोटो का नको? शहरात तो पांढराफटक होतो, पिक्सेल काठोकाठ भरून जातात. रानात अडचण उलटी असते. प्रत्येक फोटो वाचून घेताना सेन्सर स्वतःचा दोन-तीन इलेक्ट्रॉनांचा नॉइज त्यात घालतो. काळ्याकुट्ट आकाशात तो खटकतो, म्हणून तिथे पाच-दहा मिनिटांच्या एक्स्पोजरांना अर्थ असतो. पेठेत मात्र आकाशाचीच थरथर इतकी मोठी की दहा-वीस सेकंदांत सेन्सरचा नॉइज तिच्याखाली गाडला जातो. त्यापुढे एकेक फोटो लांबवून हाती काही लागत नाही. लागतो तो एकूण वेळ.

सोलापूरकरांच्या हे पथ्यावरच पडतं. पृथ्वी फिरते म्हणून कॅमेराही ताऱ्यांमागे फिरवावा लागतो, आणि त्या यंत्राचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. आपल्याकडे जेमतेम साडेसतरा-अठरा अंश. बोळापलीकडे, नऊ मीटरवर, आपल्यापेक्षा एक मजला उंच घर असलं की ध्रुव गेलाच. पण एक्स्पोजर दहा-वीस सेकंदांचंच असल्यावर अक्ष थोडा वाकडा असला तरी तारे रेघा मारत नाहीत.

एक्स्पोजरच्या वेळेची कसरत या जिल्ह्याला नवी नाही. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला दुर्बिणींचे तळ पडले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही, चाळीस फुटी कॅमेरा घेऊन. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. सूर्याचा किरीट आत झगझगीत, बाहेर अगदी फिकट; एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावणं शक्यच नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या वेळेच्या फोटोंच्या काचा घ्यायच्या. त्या काचांची बेरीज-वजाबाकी करायला मात्र संगणक नव्हता. पुढे जवळजवळ शतकभराने, डिसेंबर 1995 मध्ये, हबल दुर्बिणीने दहा दिवस आकाशाचा एकच चिमुकला तुकडा न्याहाळला. 342 एक्स्पोजरं एकत्र केली, आणि रिकाम्या वाटणाऱ्या जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक उपद्रव. सेन्सर तापला की अंधारातही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि दर सहा अंशांच्या आसपास त्यांची संख्या दुप्पट होते. झाकण लावून काढलेले काळे फोटो वजा केले की या इलेक्ट्रॉनांची सरासरी जाते. थरथर, अर्थातच, राहते. त्यामुळे साध्या कॅमेऱ्याने करायचं तर थंडीत करावं. जानेवारीत रात्री दहा-साडेदहाला मृग सदुसष्ट अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर येतो. नेमकी तेव्हाच होम मैदानावर गड्डा यात्रेची रोषणाई असते, त्याला इलाज नाही.

मृगातल्या तेजोमेघासाठी एक पळवाट आहे. तापलेला हायड्रोजन 656 नॅनोमीटरच्या लाल रंगात चमकतो. तेवढाच रंग सोडणारी गाळणी लावली की शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. देवयानीला ही सोय नाही. तिचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला, आणि एलईडीचाही तसाच. जुने पिवळे सोडियम दिवे निदान एका रंगात बरेचसे गोळा झालेले असायचे, त्यामुळे गाळायला सोपे. बचतीच्या दिव्यांनी आमची ही बचत घालवली.

मग उरतो तो वेळ, आणि तो महाग पडतो. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट तास. शहरी आकाश रानातल्यापेक्षा चार प्रतींनी (मॅग्निट्यूडनी) उजळ असेल तर ते चाळीसपट उजळ असतं, आणि फिकट दीर्घिकेसाठी वेळही जवळपास तितकाच वाढतो. 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलेल्या नागपूरजवळच्या पेंचच्या जंगलात, तिथलं आकाश इतकं काळं धरलं तर, जे एका तासात हाती येईल, त्याला पेठेत चाळीस तास. पेंच लांब आहे, पण बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळाकडे निघालं तरी हिशेब बदलू लागतो. एकाच प्रतीने अंधार वाढला, तरी गच्चीवरचं अडीच तासांचं काम तिथे तासाभरात उरकतं.